टिंडलांच्या तळ्यात गळ नाही

क्विंबा, न्यू साउथ वेल्स
११ डिसेंबर १९८४

प्रिय डुगल्ड,

नाताळच्या शुभेच्छा मागाहून देईन, आधी माझं डोकं शांत होऊ दे. तळ्यात सोडलेली माशांची बोटुकली पुन्हा गायब झालीत. तीनशेच्या तीनशे!

पंधरा दिवसांपूर्वी मत्स्यबीजाचा ट्रक गावात आला तेव्हा उन्हात तासभर रांगेत उभी राहिले. बाबा करायचे तसंच सगळं केलं. पिशव्या तळ्यावर अर्धा तास तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झाल्यावरच तोंड सोडलं. बोटाएवढी सिल्व्हर पर्चची पिल्लं झरझर पाण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता बिस्किटांचा डबा चमच्यानं वाजवतेय आणि बारीक करून खाद्य टाकतेय. येतात कोण? ते दोन म्हातारे मासे, बस. गेल्या वर्षीच्या तीनशेंचं हेच झालं. तेव्हा पिल्लं मोठी होतील या भरवशावर बाबांनी नाताळला मोठे सहा मासे काढले होते, आणि पुढे पिल्लं दिसेनात तेव्हा पाणकावळ्यांवर खापर फोडलं होतं. पण पाणकावळे सहाशे पिल्लं खाऊन एक ढेकरही देत नाहीत, हे मला पटत नाही.

आता खरं ऐक. गेल्या मंगळवारी बाबांना भेटून हॉस्पिटलातून लवकर परतले, तर आपल्या बांधावर अर्न डेव्हलिन उभा. हातात डबा! आपलाच नाही, पण तसाच. वाजवत होता. मला बघून म्हणाला, "विल्फनंच सांगितलंय मला, लोर्ना. मी खायला घालतो त्यांना." म्हटलं, जूनमध्ये झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून धड एक शब्द फुटलेला नाही, तुम्हाला बरं सांगितलं! तर म्हणाला, "हातानं सांगितलं." आणि गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांचा शेजार. दर नाताळला आपल्या तळ्यातला एक मासा त्याच्या घरी जातो, आणि हा माणूस बाबा अंथरुणाला खिळल्यावर डबा वाजवून मासे गोळा करतो!

तरी एकदा गळ टाकून बघावं का, तळ्यात नक्की आहे काय ते? बाबांच्या तळ्यात गळ चालत नाही, ठाऊक आहे. डब्याच्या आवाजावर विश्वासानं येणाऱ्याच्या घशात काटा अडकवायचा नाही, जाळीनं उचलायचं. पण मला कळायला तर हवं. तुझं मत कळव.

तुझी,
लोर्ना

*

कालगुर्ली, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया
१५ डिसेंबर १९८४

प्रिय लोर्ना,

तुझं पत्र वाचताना कागद हाताला चटके देत होता. इथे खाणीत खाली जेवढं गरम असतं तेवढाच तुझा पारा.

अर्नबद्दल मला नवल वाटलं नाही. त्याला आपल्या माशांचा कायम हेवा. त्याच्या तळ्यात चिखल आणि बेडूक, आपल्याकडे डबा वाजवला की मासे हजर. सहाशे पिल्लं एकटा पाणकावळा खात नाही, हे तुझं बरोबर आहे. फाटकाला कुलूप लाव.

पण गळ टाकू नकोस हं. बाबांचा एवढा एकच नियम, तो तरी आपण पाळावा. जाळंही फिरवू नकोस, उरलेले दोघं घाबरतील. तळं आहे तसं राहू दे.

रेलीन आणि पोरं मजेत आहेत. पोरं आजोबांची आठवण काढतात. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
डुगल्ड

*

क्विंबा
२ जानेवारी १९८५

प्रिय डुगल्ड,

कुलूप लावलं. आणि कुलपावर थांबले नाही.

नाताळआधीच्या शनिवारी आग विझवणाऱ्या ब्रिगेडचं जेवण होतं, गावच्या हॉलमागे, नेहमीसारखं. सगळं गाव जमलेलं. अर्न ॲप्रन बांधून सॉसेज भाजत होता, बावीस वर्षं कप्तान असल्याच्या रुबाबात. माझ्या ताटात दोन वाढले आणि म्हणाला, "विल्फला दे एक." मग मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आमचे मासे कसे लागले, अर्न? तळून खाल्ले का भाजून?"

अर्ननं चिमटा खाली ठेवला. ॲप्रन सोडून त्याची नीट घडी घातली. खिशातून पाण्याच्या ट्रकची किल्ली काढून सॅलडच्या भांड्याशेजारी ठेवली आणि गाडीत बसून निघून गेला. एक शब्द नाही. खरा असता तर बोलला नसता का? बेव्ह मॅक्रे मला म्हणाली, "तू हे बरं नाही केलंस." म्हटलं, तुझ्या तळ्यातले सहाशे गेले की मग मला शिकव.

रागाच्या भरात मी चुकते कधीकधी, मला माहीत आहे. पण तूही तेच म्हणालास ना?

बाबांचं सांगते. डाव्या हातात आता चमचा नीट धरता येतो. परवा चमच्यानं पलंगाची दांडी वाजवत होते. टण टण टण, थांबायचे, टण टण टण. नर्स वैतागली, मला मात्र पटकन कळलं. ३ मार्चला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. मी कानात सांगितलं, "त्या दिवशी तुम्हाला तळ्यावर नेते, बाबा. तुम्ही डबा वाजवा, मासे येतील." डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. दिलेला शब्द पाळायचाय मला. ट्रक पुढच्या आठवड्यात पुन्हा येतोय, आणखी दोनशे घेते. आता फाटकाला कुलूप आहे. बघू या कशी जातात ते.

लोर्ना

*

कालगुर्ली
१४ जानेवारी १९८५

प्रिय लोर्ना,

अर्न न बोलता गेला म्हणजे त्यानं कबूलच केलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

पण आणखी पिल्लं सोडू नकोस. उन्हाळा किती कडक आहे, पाणी उतरलं असेल, फुकट जातील. आणि बाबांना तळ्यावर कशाला न्यायचं? चाकांची खुर्ची त्या बांधावर चढायची कशी? बागेत केक काप, नाहीतर समुद्रावर घेऊन जा. त्यांना काय, बाहेरची हवा लागल्याशी कारण.

इथे जादा पाळ्या चालू आहेत, म्हणून एवढंच.

डुगल्ड

*

क्विंबा
१७ फेब्रुवारी १९८५

डुगल्ड,

घर वाचलं. ही बातमी आधी देते, कारण तू जन्मलास त्या घराची आहे. बाकीचं पत्र बसून वाच.

गुरुवारी दुपारी मॅक्रेंच्या कुरणात गवत कापताना ठिणगी उडाली. पश्चिमेचा वारा होता. वीस मिनिटांत आग आपल्या कुंपणाला भिडली. ब्रिगेडचा ट्रक हॉलमधून निघाला, पण त्याचा पंप चालू होईना. तो पंप कुठे दाबायचा आणि कुठे लाथ घालायची, हे फक्त अर्नला ठाऊक, आणि अर्नला मी घालवलेलं. मी बागेची नळी धरून व्हरांड्यात उभी होते, आणि नळाला धार होती करंगळीएवढी.

तेव्हा अर्न आला. एकटाच, स्वतःच्या पिकअपवर टाकी आणि पंप टाकून. फाटकाला माझं कुलूप होतं. त्यानं गाडी न थांबवता फाटकच आडवं केलं. तळ्यात नळ टाकला आणि सुरू झाला. तीन तास, डुगल्ड. बहात्तर वर्षांचा माणूस. टाकी भरायची, घराभोवती भिंती आणि गवत भिजवायचं, पुन्हा तळ्यावर. तीनदा त्याच्या नळाची जाळी तुंबली. मी वरून बघत होते, तो वाकून मूठमूठ काहीतरी उपसून बाजूला फेकत होता. मला वाटलं पाला असेल.

मेंढ्यांची शेड गेली. कुंपण गेलं. घर उभं आहे. आग विझल्यावर मी त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आले, तर पिकअप नव्हता. पायरीवर एक बादली होती.

बादलीत काय होतं ते सांगू? की तुला माहीत आहे?

हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाखालचे पर लालभडक. रेडफिन, दुसऱ्या माशांची पिल्लं फस्त करणारे. बोटाएवढे, तळहाताएवढे, पंचवीसेक. मी धावत तळ्यावर गेले. गुडघाभर पाणी उरलंय आणि त्यात हजारोंनी वळवळतायत. जिथे अर्ननं जाळी साफ केली, तिथे काठावर ढीग पडलाय. म्हातारे दोघं दुसऱ्या दिवशी त्या गढूळ, तापलेल्या पाण्यात मरून वर आले. माझी आठशे पिल्लं कुणी खाल्ली ते मला कळलं. अर्ननं नव्हती खाल्ली. पाणकावळ्यांनीही नाही.

रेडफिन उडत येत नाहीत. कुणीतरी आणावे लागतात. काल मी फोटोंचा खोका काढला. ईस्टर १९८३. तुझी पोरं अर्ध्या कापलेल्या ड्रमाशेजारी उभी आहेत, थोरला ड्रमात हात घालून हसतोय. मागे मोठ्या धरणावरून परतलेली तुझी गाडी. मी तेव्हा विचारलं होतं ड्रमात काय आहे, आणि तू म्हणालास, "काही नाही गं, पोरांची गंमत."

"गळ टाकू नकोस. जाळं फिरवू नकोस. पिल्लं सोडू नकोस." तू मला बाबांच्या नियमाची आठवण करून दिलीस! तू! वाचताना मला गहिवरून आलं होतं रे, वाटलं माझा भाऊ सुधारला.

एका ओळीचं उत्तर दे. तू टाकलेस का?

फोन करत नाही. मी शिव्या दिल्या असत्या, तू फोन ठेवला असतास. मला तुझं उत्तर कागदावर हवंय.

लोर्ना

*

कालगुर्ली
२५ फेब्रुवारी १९८५

प्रिय लोर्ना,

हो.

सहा होते. फक्त सहा. पोरांनी आजोबांच्या तळ्यात मासा पकडायचा हट्ट धरला होता. बाबांचे मासे म्हणजे पाळलेल्या कोंबड्या, त्यांना गळ लावायची बंदी. मला वाटलं, सहा रेडफिन सोडावेत, पुढच्या ईस्टरला पोरं गुपचूप पकडतील, कुणाला कळणार नाही. पुढच्या ईस्टरला आम्हाला यायला जमलं नाही. मग बाबांना झटका आला. सहाचे हजार होतील हे मला काय ठाऊक?

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. ठाऊक होतं. तुझं डिसेंबरचं पत्र उघडलं तेव्हाच कळलं. पण तू आधीच अर्नचं नाव घेतलं होतंस. माझ्यावर आलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. मग दर पत्राबरोबर सांगणं अवघड होत गेलं. तू भर हॉलमध्ये बोलशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नको. कुणीतरी मजा म्हणून टाकले असतील, असं सांग. शेडचा खर्च मी देतो.

डुगल्ड

*

क्विंबा
१२ मार्च १९८५

डुगल्ड,

शेडचा खर्च स्वतःजवळ ठेव. शेड तू जाळली नाहीस.

३ मार्चचं ऐक. हॉस्पिटलातल्या मुलींनी बाबांना निळा शर्ट घातला, केस विंचरले. बेव्हच्या नवऱ्यानं आणि मी मिळून खुर्ची उचलून बांधावर ठेवली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. काळं कुरण, नसलेली शेड. आगीचं मी सगळं आधी सांगितलं होतं, माशांचं सांगायचं धाडस झालं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि डब्यासाठी हात पुढे केला. डबा मांडीवर, चमचा डाव्या हातात. टण टण टण. थांबले. टण टण टण. पाणी ढिम्म. आठशेतले पन्नास जरी मोठे झाले असते, तर त्या गुडघाभर पाण्यात काठोकाठ जमले असते. रेडफिनला डब्याशी काय देणंघेणं? बाबा अर्धा तास वाजवत राहिले. मला त्यांच्या हातातून चमचा काढून घ्यावा लागला. डुगल्ड, बाबांनी माझ्याकडे बघितलं ना, मी पिल्लांना खायला घालायलाच विसरले असं बघितलं. मी! आणि मी गप्प बसले, कारण तू म्हणालास बाबांना सांगू नकोस. तुझी बाजू राखायची ती माझी शेवटची वेळ.

तिथूनच अर्नकडे गेले. तो अंगणात पंप उघडून बसला होता. मी बोलायला लागले तर म्हणाला, "घरात माफी नको मला. जिथे बोललीस तिथे बोल." मग हातानं कसं सांगितलं ते दाखवलं. जूनमध्ये भेटायला गेला तेव्हा बाबांनी ताटली वाजवली होती आणि खिडकीतून घराच्या दिशेनं बोट दाखवलं होतं. एवढंच. अर्न त्याच दिवशी गावातून स्वतः खाद्याचं पोतं घेऊन आला. सहा महिने तो रोज येत होता, मी हॉस्पिटलात असताना. आपल्याला सांगावंसं त्याला वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याचं म्हणणं. बादलीत बघितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी येईन, असं त्याला वाटलं होतं. मी सतरा दिवस लावले.

शुक्रवारी ब्रिगेडची सभा होती. मी उभी राहिले. म्हटलं, "नाताळच्या जेवणात मी अर्न डेव्हलिनला चोर म्हटलं. तो चोर नाही. तो आमच्या बाबांचे मासे जगवत होता, आणि नंतर त्यानं माझं घर वाचवलं." मागून कुणीतरी विचारलं, "मग रेडफिन टाकले कुणी?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाव घेतलं नाही. तुझी दया आली म्हणून नाही. ते नाव मी घेतलं तर ती आणखी एक चहाडी झाली असती. तुझ्या तोंडून आलं तरच त्याला अर्थ आहे.

म्हणून आता तू अर्नला लिही. मला नको, त्याला. स्वतःच्या हातानं, पोरांच्या आड न लपता. नाही लिहिलंस तर ईस्टरला इकडे फिरकू नकोस, आणि त्यानंतरही नको. पोरांना पाठव, त्यांचा काही दोष नाही.

लोर्ना

*

कालगुर्ली
२० मार्च १९८५

मिस्टर डेव्हलिन,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. लहान असताना तुम्ही मला पंप उघडायला शिकवलंत, तेव्हाही मी एक स्क्रू हरवला होता आणि हरवला नाही असं सांगितलं होतं. तुम्ही काही न बोलता खिशातून दुसरा काढलात.

रेडफिन मी टाकले. ईस्टर १९८३, शनिवारी दुपारी, सहा. पोरांसाठी टाकले असं मी लोर्नाला लिहिलं. खरं असं की धरणावर मी ते पकडले आणि मला मिरवायचं होतं. बाबांच्या तळ्यात मला कधी गळ टाकू दिला नाही, त्याचा राग चाळिशीतही गेला नव्हता. लोर्नानं तुमच्यावर आळ घेतला तेव्हा मला सत्य ठाऊक होतं. मी तिला अडवलं नाही, उलट भरीला घातलं. तुम्ही किल्ली ठेवून गेलात ते वाचून मी लिहिलं की तुम्ही कबूल केलंत. ते वाक्य आता माझ्या डोक्यातून जात नाही.

हे पत्र हॉलमध्ये वाचा. बाबांनाही वाचून दाखवा, त्यांना लोर्ना दोषी वाटायला नको. माफी मागण्याचा मला हक्क आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी मागतो आहे.

डुगल्ड टिंडल

*

क्विंबा
२९ मार्च १९८५

डुगल्ड,

पत्र मिळालं. हॉलमध्ये वाचलं. तीन लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही, शाई वाया जाईल.

काल विल्फला वाचून दाखवलं. लोर्ना शेजारी होती. पूर्ण ऐकेपर्यंत तो छताकडे बघत होता. मग त्यानं लोर्नाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर नऊ महिन्यांत पहिल्यांदा तुझ्या बापाच्या तोंडून अख्खा, स्पष्ट शब्द निघाला. नर्स धावत आली. तो शब्द मी चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून एकदाच ऐकला होता, बैलानं त्याला कुंपणावर फेकलं तेव्हा. लागोपाठ तुझं नाव घेतलं, तेही स्पष्ट. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे.

मी तुला माफ केलेलं नाही. बावीस वर्षांत ज्यांच्या घरी आग विझवायला गेलो, ती माणसं दुकानात माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. ते जायला वेळ लागेल. ट्रकची किल्ली हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. परत घ्यायची की नाही ते माझं मी बघेन.

ईस्टरच्या शनिवारी आपण तळं शेवटच्या थेंबापर्यंत उपसणार आहोत. एक जरी रेडफिन राहिला तर सगळं पहिल्यापासून. मग तळ सुकू द्यायचा, पावसानं भरू द्यायचं, आणि त्यानंतर पिल्लं. ती मोठी होतील तेव्हा विल्फला सत्त्याहत्तर पूर्ण झालेली असतील. तोवर त्याला जगायला लागेल, आणि आत्ता तो चिडलेला आहे, त्यामुळे जगेल.

सकाळी सहाला ये. चिखल कमरेपर्यंत असेल, त्यात तू उतरायचंस. विल्फची खुर्ची बांधावर ठेवणार आहोत, त्याला बघायचंय. फावडी माझ्याकडे आहेत. पोरांनाही आण.

गळ आणू नकोस.

अर्न डेव्हलिन